नाकापेक्षा माइक जड

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात अलीकडे एक नवी अंधश्रद्धा बोकाळली आहे. तिला अंगारा लागत नाही, ताईत लागत नाही. ती गुळगुळीत खोक्यातून घरी येते, सोबत रबरी दोऱ्यांचा एक झुला आणते आणि तिचा मंत्र एवढाच असतो: 'स्टुडिओत आवाज घ्यायचा तर कंडेन्सर माइकच पाहिजे, डायनॅमिक माइक तो सत्यनारायणाच्या मंडपातला आणि निवडणुकीच्या सभेतला.' हा मंत्र दुकानदार जपतो, त्याचे ऐकून गिऱ्हाईक जपते आणि गिऱ्हाइकाचे पाहून शेजारी जपतो. मी या मंत्राविरुद्ध लिहायला बसलो आहे. माझे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना फराळाकडे वळायचे असेल ते मोकळे होतील. आमच्या या पट्ट्यात, आमच्या घरांतल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत, माणसाचा आवाज टिपून ठेवायचा असेल, तर साधा, मध्यम किमतीचा डायनॅमिक माइक हाच शहाण्याचा माइक होय.

कोणी म्हणेल, दिवाळी अंकात हा विषय कशाला? माइकची निवड ही ध्वनिमुद्रकांनी आपसात करावी. पण वाचकहो, ध्वनिमुद्रक आता कोण राहिलेला नाही? पूर्वी घरोघरी मातीच्या चुली असत, तसे आता घरोघरी स्टुडिओ झाले आहेत. कोणाची सून मुलांसाठी गोष्टी सांगून त्या दूरदेशीच्या भाचरांना पाठवते. कोणाचे निवृत्त मास्तर ज्ञानेश्वरीचे निरूपण ध्वनिमुद्रित करतात. गल्लीतले भजनी मंडळ स्वतःचे अभंग स्वतः घेते. तरुण मंडळी पॉडकास्ट काढतात. एका कपाटाशेजारी टेबल, टेबलावर संगणक, संगणकाला जोडलेली इंटरफेस नावाची छोटी पेटी आणि तिच्यापुढे माइक, असा हा संसार. तो थाटताना पहिली चूक होते ती माइकपाशीच, आणि तिचा भुर्दंड पैशांपेक्षा अधिक मोठा असतो. तो कसा, ते शेवटी सांगतो.

आधी या दोन भावंडांची ओळख करून घेऊ. ज्यांनी सायकलचा डायनमो पाहिला आहे त्यांना डायनॅमिक माइक निराळा समजावून सांगायला नको. चाकाला घासून डायनमो फिरला की लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्यात हालचाल होते आणि दिवा लागतो. फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेला नियम तो हाच. डायनॅमिक माइकमध्ये चाकाचे काम एक पातळ पडदा करतो. त्या पडद्याला तारेचे बारीकसे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते चुंबकाच्या फटीत तरंगत असते. आपण बोललो की पडदा हलतो, त्याबरोबर वेटोळे हलते आणि विजेचा एक क्षीण प्रवाह निघतो. त्याला बाहेरची वीज लागत नाही. तो पडला तरी बहुधा उठून चालू लागतो. धूळ, दमट हवा, आरडाओरडा, सारे सोसतो. ज्या पट्ट्याने तीन-तीन पाळ्या सोसल्या त्या पट्ट्याला शोभेल असाच त्याचा स्वभाव आहे.

कंडेन्सरची तऱ्हा निराळी. त्यात वेटोळे नाही, चुंबकही नाही. एक अतिशय पातळ पडदा आणि त्याच्यामागे एक तबकडी. दोहोंच्या मध्ये विद्युतभार. पडदा थरथरला की अंतर बदलते आणि त्या बदलातून आवाजाची वीज मिळते. त्याला बाहेरून वीज पुरवावी लागते, बहुधा ४८ व्होल्ट. पडद्यावर वेटोळ्याचे ओझे नसल्यामुळे तो बारीकातला बारीक आवाज टिपतो. तंबोऱ्याच्या जवारीची झिलई, सतारीच्या तरफांचा झंकार त्याने टिपावा; त्याची ती ताकद नाकारण्याइतका मी आडमुठा नाही.

पण 'डायनॅमिक जुना, कंडेन्सर नवा' असे जे कानावर पडते ते मात्र साफ खोटे आहे. कंडेन्सर माइक अमेरिकेत वेंट नावाच्या शास्त्रज्ञाने १९१६ साली तयार केला. स्टुडिओत आणि नभोवाणीवर चालेल असा डायनॅमिक माइक वेस्टर्न इलेक्ट्रिकने बाजारात आणला तो १९३१ साली, आणि तोही याच वेंटच्या हातचा. म्हणजे ज्याला आपण नवा म्हणून मिरवतो तो थोरला, आणि ज्याला जुना म्हणून हिणवतो तो धाकटा!

आता आमच्या मुलखाकडे वळू. माइक आकाशात टांगायचा नसतो, तो कुठल्या तरी गावात आणि कुठल्या तरी खोलीत ठेवायचा असतो. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी-आकुर्डी-चिंचवडच्या शेतांतून पत्र्यांच्या छपरांचे पीक आले. १९८२ साली महानगरपालिका झाली. कांद्याच्या बाजारासाठी नावाजलेल्या चाकणला २००९ साली मर्सिडीज आणि फोक्सवॅगन यांचे कारखाने सुरू झाले. या सगळ्याने आम्हाला अन्न दिले, घर दिले, आणि त्याबरोबर एक अखंड घरघर दिली. भोसरीच्या गल्लीत पॉवर प्रेस पडतो तेव्हा मांडणीतली भांडी बोलतात. नाशिक रस्त्यावरून मोटारी लादलेले ट्रेलर जातात. पुणे-लोणावळा लोकल पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड अशी शिट्टी वाजवीत जाते. लोहगावहून उडालेले विमान डोक्यावरून जाते. खाली इमारतीचा पंप, वर गच्चीवरच्या टाकीचे पाणी, शेजारी कुकर. हा आमचा तंबोरा आहे. तो कायम लागलेलाच असतो.

या तंबोऱ्याच्या साथीत आमच्याकडच्या एका भजनी मंडळाने कंडेन्सर माइक विकत आणला. माणसे कष्टाची, कोणी लेथवर, कोणी पेंटशॉपमध्ये. वर्गणी काढून दुकानात गेली. दुकानदाराने विचारले, 'घरी वापरणार की स्टुडिओत?' बुवा मोठ्या उत्साहाने म्हणाले, 'स्टुडिओत!' त्यावर दुकानदाराने सर्वांत चकचकीत खोके पुढे केले. खोली कशी आहे, खिडकी कुठे उघडते, गाणारे किती, गाणाऱ्याचा आवाज कसा, यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नाही. मंडळाने तो माइक खोलीच्या मध्यावर, सर्वांना दिसेल असा, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा उभा केला आणि चार हातांवरून अभंग म्हटला. ऐकून पाहिले तेव्हा अभंगाबरोबर पलीकडच्या गल्लीतला प्रेस होता, पंखा होता, कुकरच्या शिट्ट्या होत्या आणि उघड्या भिंतींवरून परतलेला प्रत्येकाचा आवाज दुसऱ्यांदा होता. मग एका जाणत्या मुलाने संगणकावर गोंगाट 'साफ' केला. प्रेस गेला खरा, पण जाताना बुवांच्या आवाजातला दाणाही घेऊन गेला. विहिरीच्या तळाशी बसून कोणी गावे तसा तो अभंग लागत होता. मंडळाने निष्कर्ष काढला की आपली खोली वाईट, आपले गळे वाईट. ते ध्वनिमुद्रण तिथेच थांबले.

माझा संताप आहे तो या निष्कर्षावर. मी टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस आहे. आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही फिटरला विचारा, ओतकामाचा खडबडीत तुकडा मोजायला तो मायक्रोमीटर काढील काय? तो हसेल. मायक्रोमीटर वाईट म्हणून नव्हे. ते काम मायक्रोमीटरचे नाही म्हणून. कामाला कुठले हत्यार, किती टॉलरन्स, कुठला गेज, हे ज्याच्या बोटांना पाठ आहे तोच माणूस माइक घ्यायला गेला की किमतीच्या चिठ्ठीपुढे हात का जोडतो? खंडेनवमीला आपण हत्याराला झेंडूची माळ घालतो ती त्याच्या किमतीसाठी घालत नाही. ते आपले काम करते म्हणून घालतो. माइकपुरती ही अक्कल गहाण का पडावी?

आता दुसऱ्या बाजूचे टोक. कंडेन्सरने हात पोळलेली मंडळी एकदम उलटी फिरतात आणि नवा मंत्र म्हणू लागतात: 'डायनॅमिक माइकला बाहेरचा गोंगाट ऐकूच येत नाही.' हीही अंधश्रद्धाच. फक्त कूस बदललेली. माइकला काय कळते, की हा तुकोबांचा अभंग आणि हा कुकर? पडद्यावर जे आदळेल ते तो सांगतो. दोन्ही जातींचे माइक एकाच जागी, एकाच अंतरावर, एकाच दिशेला तोंड करून ठेवले तर आवाज आणि गोंगाट यांचे प्रमाण दोहोंत जवळजवळ सारखेच येईल. मग डायनॅमिकचा मोठेपणा कशात? तो जवळ येऊ देतो, यात.

हे थोडे हिशेबाने पाहू. अंतर निम्मे केले की तोंडातून थेट येणाऱ्या आवाजाचा जोर दुप्पट होतो. बत्तीस इंचांवर उभा असलेला गायक सोळावर आला, सोळावरून आठावर, आठावरून चारावर, की त्याचा आवाज आठपट झाला. प्रेस, पंखा आणि कुकर मात्र होते तिथेच राहिले. त्यांचा जोर तसूभरही वाढला नाही. म्हणजे भिंतींवर एक रुपयाही न घालवता गोंगाट आठ हिश्शांवर एक हिस्सा उरला. कंडेन्सरच्या इतक्या जवळ गेले तर त्याचा नाजूक पडदा श्वासाच्या प्रत्येक झुळकीने हबकतो, ओठांची पुटपुट आणि जिभेची टकटक टिपतो. डायनॅमिक माइक चार बोटांवर येऊ देतो आणि कुरकुरत नाही. त्याचा गुण आहे तो हा, आणि तो वापरला तरच मिळतो. चार हातांवर ठेवलेला डायनॅमिक माइक हा नुसता दुबळा कंडेन्सर आहे!

दिशेची गोष्टही अशीच. असे बहुतेक माइक पुढून ऐकतात आणि पाठीकडून बहिरे असतात. आता लोक काय करतात? 'खिडकीतून आवाज येतो' म्हणून गायकाची पाठ खिडकीकडे करतात. म्हणजे गायकासमोरचा माइक नेमका खिडकीकडे तोंड करून बसतो! करायचे ते उलटे. गायकाचे तोंड खिडकीकडे हवे, माइकची पाठ खिडकीकडे हवी आणि गायकाच्या मागे कपड्यांचे कपाट किंवा दोरीवर टाकलेल्या दोन जाड गोधड्या हव्यात. आजीच्या हातची गोधडी हे महाराष्ट्रातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणी ध्वनिशोषक आहे. तिला खोके नाही, एवढाच तिचा दोष.

तिसरी अंधश्रद्धा सर्वांत महागडी. डायनॅमिक घ्यायचे ठरले, तरी आता पडद्यावर प्रत्येक मुलाखतकारापुढे दिसतो तोच मोठा काळा माइक पाहिजे! शुअर कंपनीचा तो एसएम-७बी. त्याचा पूर्वज एसएम-७ हा १९७३ सालचा. मायकेल जॅक्सनच्या १९८२ सालच्या 'थ्रिलर'साठी ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडिन यांनी त्याचा आवाज याच एसएम-७वर घेतला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. माइक उत्तम आहे. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो नाक आणि मोती यांच्या वजनाचा. त्याच कंपनीचा, मंडपात आणि रंगमंचावर दिसणारा एसएम-५८ हा १९६६ सालचा. महागडा त्याच्या सुमारे चौपट किमतीचा. आणि गंमत पाहा. एका ठराविक जोराच्या आवाजाला एसएम-५८ सुमारे १.८५ मिलिव्होल्ट वीज देतो, तर एसएम-७बी देतो सुमारे १.१२. कंडेन्सर त्याच आवाजाला सहज दहा-वीस मिलिव्होल्ट देतो. म्हणजे चौपट पैसे देऊन घरी आणलेला पाहुणा अधिकच हळू बोलतो! त्याचे बोलणे ऐकू यावे म्हणून इंटरफेसची कळ शेवटच्या टोकापर्यंत पिळावी लागते. स्वस्त इंटरफेस तेवढे पिळल्यावर सूंऽऽ असा सूर धरतो. मग तो घालवायला आणखी एक डबी विकत घ्यावी लागते. अंगावर आलेल्या या खर्चात खोलीच्या खिडकीला एक जाड पडदा तेवढा यायचा राहतो.

आणि ज्याला मंडपातला म्हणून हिणवले त्या एसएम-५८च्या नावातली 'एसएम' ही अक्षरे कशाची आहेत, ठाऊक आहे? 'स्टुडिओ मायक्रोफोन'! तो घडवला गेला तो स्टुडिओसाठी. रंगमंचाने त्याला पुढे आपलासा केला. ज्याचे नावच स्टुडिओ आहे त्याला स्टुडिओच्या उंबरठ्यावर अडवणाऱ्या दुकानदारांना काय म्हणावे? नावे मी उदाहरणादाखल घेतली. माझा कुठल्याही कंपनीशी सोयरसंबंध नाही. त्याच दर्जाचे, त्याच किमतीचे दुसऱ्या कंपन्यांचे डायनॅमिक माइकही बाजारात आहेत. एवढे मात्र खरे, की खपाच्या माइकांच्या हुबेहूब नकलाही बाजारात पुष्कळ आहेत. तेव्हा फुटपाथवरच्या 'अस्सल' मालापासून सावध राहावे.

विरोधी पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा मी टाळणार नाही. ते म्हणतात, 'कंडेन्सर वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. तुमचा एसएम-५८ पंधरा हजारांवर थांबतो. वरची चमक हरवते.' खरे आहे. शांत, मऊ भिंतींच्या, खोलीत खोली बांधलेल्या स्टुडिओत संतूर घ्यायचे असेल, तंबोऱ्याच्या जोडीचे गाणे घ्यायचे असेल, तर मी स्वतः कंडेन्सरच मागेन. वीस जणांचे समूहगान एका माइकवर घ्यायचे असेल, तिथेही चार बोटांचा हिशेब चालणार नाही. पण आपला प्रश्न आहे बोलणाऱ्या-गाणाऱ्या एका माणसाचा. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले आणि १९५५-५६ मध्ये तिथून माडगूळकर-फडक्यांचे गीतरामायण घरोघर गेले. मध्यम लहरींच्या त्या रेडिओवर पाच हजार कंपनांच्या वरचे फारसे काही पोचत नसे. तरीही माणसे रेडिओला हार घालून बसत आणि डोळे पुसत. पंधरा हजारांच्या वरच्या कंपनांवाचून कोणाचे अश्रू अडले? शब्द कळायला लागणारी व्यंजने, भाव पोचायला लागणारा कंप, हे सारे डायनॅमिक माइकच्या आवाक्यात अलगद बसते. आणि आमच्या खोलीत त्या वरच्या मजल्यावर आहे तरी काय? पंख्याची सळसळ आणि ग्राइंडरची कर्कश किणकिण! ती चमक हरवलेलीच बरी.

तरी डायनॅमिकचे दोषही सांगितले पाहिजेत, नाही तर मीही दुकानदारच ठरेन. त्याचा पडदा जड, म्हणून जमिनीतून येणारे धक्के त्याला लवकर जाणवतात. प्रेसच्या गल्लीत टेबलावर नुसता माइक ठेवू नये. स्टँडच्या पायांखाली घडी घातलेले घोंगडे किंवा रबर घालावे. त्याच्या पोटात वेटोळे आहे, म्हणून मोटार, ट्रान्सफॉर्मर, जाड चार्जर यांच्या शेजारी तो गुणगुणू लागतो. त्याला दोन हात लांब ठेवावे आणि तीन खिळ्यांची एक्सएलआर केबलच वापरावी. बटणाचा आणि कायमची वायर जोडलेला माइक मंडपाला ठीक. घरच्या स्टुडिओला बिनबटणाचा, केबल निराळी लागणारा घ्यावा. जवळ गेले की खर्ज फुगतो: आजीच्या पातळ आवाजाला त्याने अंग येते, पण कीर्तनकाराच्या भरदार गळ्याला तो डफासारखा घुमवतो. अशा वेळी खर्ज कापण्याची कळ वापरावी किंवा दोन बोटे मागे सरावे. आणि आपली मराठी तर महाप्राणांची भाषा. 'फ' आणि 'भ' म्हणताना, शब्दारंभीचा 'प' म्हणताना तोंडातून वाऱ्याचा गोळा सुटतो आणि माइकवर थडकतो. म्हणून माइक तोंडासमोर नाकाच्या रेषेत न ठेवता ओठांच्या कोपऱ्याशी किंचित तिरका धरावा. वारा शेजारून निघून जातो, आवाज मात्र पोचतो.

दुकानात जाताना काय करावे, तेही सांगतो. ज्याचा आवाज घ्यायचा त्याला सोबत न्यावे. दोन-तीन माइक मागून घ्यावेत, प्रत्येकावर चार बोटांच्या अंतरावरून त्याच्याकडून एकच ओळ म्हणवून घ्यावी, आणि डोळे मिटून ऐकावे. किंमत शेवटी विचारावी. एवढे करू देत नसेल तर ते दुकान सोडावे. ज्या गावात भाजीवाली कांदा दाबून पाहू देते त्या गावात माइक न ऐकता घेण्याचे कारण नाही.

आता तो भुर्दंड कोणता, ते सांगण्याची वेळ आली. हा पट्टा कोणी वसवला? बीड, लातूर, सोलापूर, जळगाव, बुलढाणा, आणि महाराष्ट्राबाहेरूनही आलेल्या माणसांनी. ती आली तेव्हा ट्रंकेत दोन जोड कपडे होते, आणि गळ्यात मात्र सबंध मुलूख होता. मागून त्यांच्या आया आल्या, सासवा आल्या. त्यांच्या ओठांवर जात्यावरच्या ओव्या होत्या. जाते गावी राहिले, ओव्या तेवढ्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आल्या. देहू आणि आळंदी आमच्या दोन हातांना. भंडारा डोंगर समोर. वारीच्या वाटेवरची पदे, कारखान्याच्या फाटकावर म्हटलेले पोवाडे, बारशाची गाणी, हे सारे अजून कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात आहे.

हे टिपून ठेवण्याचे मोल काय, त्याचे उदाहरण आमच्या शेजारीच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवाँ यांनी १९८० नंतरच्या दशकात मुळशी-मावळच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या कितीतरी ओव्या गाणाऱ्या बायकांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. शंभर तासांहून अधिक. २०१७ पासून 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. प्वातवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. गाणाऱ्यांपैकीही कितीजणी आज नाहीत. आवाज आहेत. त्या बायकांना कोणी वातानुकूलित स्टुडिओत नेऊन बसवले नव्हते. यंत्र त्यांच्या गावात गेले. आधी भिंतींना फोम लावू, मग चकचकीत माइक आणू, मग ओव्या घेऊ, असे म्हणत ती मंडळी बसली असती, तर आज ऐकायला काय उरले असते?

आमच्या पट्ट्यात नेमके तेच चालले आहे. 'पैसे साठले की चांगला माइक घेऊ, मग आईचा आवाज घेऊ.' आई तोवर थांबेल, असे तुम्हाला कोणी लिहून दिले आहे? दुकानदाराच्या त्या मंत्राने आमच्या माणसांना पटवून दिले की त्यांची खोली, त्यांचा आवाज, त्यांची ऐपत ध्वनिमुद्रणाच्या लायकीची नाही. माझे भांडण त्या पटवण्याशी आहे. कंडेन्सर माइक बिचारा निर्जीव. त्याच्याशी मी कशाला भांडू?

तेव्हा वाचकहो, माझी मागणी साधी आहे. फटाक्यांचे चार दिवस जाऊ द्या. आमच्याकडे पुष्कळ कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. त्या दिवशी प्रेस गप्प असतात. वीज मंडळाची दुरुस्तीची कामेही बहुधा गुरुवारीच निघतात, पण डायनॅमिक माइकला विजेची पर्वा नाही आणि संगणकाची बॅटरी तासभर पुरते. पंखा बंद करा, स्वयंपाकघराचे दार लावा, कुकर उतरवून ठेवा. दोरीवर गोधड्या टाका. आईला, आजीला, शेजारच्या बुवांना खिडकीकडे तोंड करून बसवा. मंडळाचा असो, मित्राचा असो, एक साधा डायनॅमिक माइक त्यांच्या ओठांच्या कोपऱ्याशी चार बोटांवर धरा. पहिली पाच मिनिटे त्या लाजतील, 'मला कुठे येतंय' म्हणतील. तेवढे यंत्र चालू राहू द्या. मग त्या आपोआप गाऊ लागतील. घेतलेल्या आवाजाला नाव, गाव आणि तारीख लिहून दोन ठिकाणी ठेवा. मध्ये एखादी लोकल शिट्टी वाजवून गेलीच, तर तेवढ्यासाठी त्यांना थांबवू नका.